मोंगलांची दया

आमच्या घरात चंगेझखानाचा जन्म झालाच नाही. तो एकदम नऊ वर्षांचा होऊन, बापाबरोबर घोड्यावर बसून, स्वतःसाठी मुलगी बघायला निघालेला असा आमच्याकडे आला. मोंगलांच्या स्वाऱ्यांचा इतिहास सांगणारे तीन जाडजूड इंग्रजी खंड अप्पांना एका रेल्वे इंजिनियरांनी देऊन टाकले होते, कारण बदलीच्या सामानात ते मावत नव्हते. पहिल्या खंडाची सुरुवातीची पानं त्याआधीच वाळवीनं फस्त केली होती. अप्पा म्हणजे माझे वडील, धारवाडच्या एका हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवलेले मास्तर. त्यांना त्या पानांचं काही वाटत नसे. “जन्म सगळ्यांचा सारखाच होतोय, पुढचं बघा,” म्हणायचे. त्यांचा खरा राग शाळेच्या पाठ्यपुस्तकावर होता. मोंगल आले आणि परत गेले, एवढंच काय ते त्यात एका ओळीत होतं. “अर्धं जग तुडवून आलेल्या माणसांना एक ओळ? आमच्या गॅदरिंगच्या अहवालाला चार पानं असतात की!” तेव्हा निवृत्त झाल्यावर मोंगलांवर मराठीत एक नीट पुस्तक लिहायचं, हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं. इतरांच्या घरी काशीयात्रा ठरलेली असावी तसं आमच्याकडे हे पुस्तक ठरलेलं होतं.

अप्पा निवृत्त झाले आणि त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. हुबळीच्या डॉक्टरांनी आहे तेवढं जपा म्हणून सांगितलं, आणि आहे तेवढं म्हणजे उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळणं. त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिकनंतरच्या पी.यू.सी.ला गणितात नापास झाले. एवढ्याशा घरात दोन माणसं तोंड पाडून बसलेली, एक खिडकीशी आणि एक तुळशीच्या कट्ट्यावर. आठ-दहा दिवस आईनं ते सहन केलं. मग एका सकाळी तिनं खंड पहिला माझ्या मांडीवर आदळला. “ही रिकामी, तुम्ही रिकामे. वाचा की दोघं मिळून. माझ्या डोळ्यांसमोर असं सुतकात बसल्यासारखं बसायचं नाही.” मी इंग्रजीत बरी होते. इंग्रजी वाचायचं आणि तिथल्या तिथं मराठीत सांगायचं, असं ठरलं. दुपारी जेवण झाल्यावर अप्पा सकाळचं ऐकलेलं डोक्यात नीट लावून टिपणं सांगायचे आणि ती मी वहीत उतरवायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष हे नापास झालेलं वर्ष आहे. हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही, त्यांची शिक्षणं पुरी होईपर्यंत तरी.

माळमड्डीतलं आमचं भाड्याचं घर तीन खोल्यांचं. मधल्या खोलीत वाचन चालायचं आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्यामुळे बुखाऱ्याला वेढा पडलेला असताना आत भाकरी थापल्याचा थप्‌थप् आवाज यायचा, आणि समरकंदच्या तटाला खिंडार पडायच्या वेळेला नेमकी फोडणी तडतडायची. पलीकडच्या घरातल्या गंगक्का साडेनऊला आपली कामं उरकून यायच्या. विहीर दोन्ही घरांची सामाईक होती, तशी करमणूकही सामाईक असावी असं त्यांचं म्हणणं. त्यांना मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र त्या अर्ध्या वाटेवर कन्नडात शिरायच्या. त्या चौकटीला टेकून शेंगा फोडत बसायच्या. माणसांपेक्षा त्यांचा जीव घोड्यांवर. एकेका शिपायामागे चार-चार घोडी असायची हे ऐकल्यापासून त्या आल्या की पहिल्यांदा विचारायच्या, “कुदुरी आराम ऐतेनु?” म्हणजे घोडी बरी आहेत ना. अप्पा गंभीरपणे सांगायचे, “आराम आहेत, गंगक्का. काल नदीवर पाणी प्यायली.”

आई ऐकत नाही असं दाखवायची, पण तिच्या कानातून काही सुटत नसे. मोंगल शिपाई मोहिमेवर दह्याचा चक्का वाळवून बरोबर नेत आणि वाटेत पाण्यात कालवून पीत, हे तिनं एकदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांडग्यांच्या शेजारी पंच्यावर चक्क्याचे गोळे वाळत घातले. पहिले कावळ्यांनी नेले. दुसऱ्या खेपेचे वाळले खरे, पण दगड झाले, आणि ताकात दोन दिवस भिजवूनही ते हलेनात. “ह्यांची घोडी चांगली असतील, पण बायका आळशी,” असा निकाल देऊन तिनं तो प्रयोग बंद केला. अप्पा त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. डोळे गेल्यावर ते पहिल्यांदा हसले होते.

आता मूळ गोष्टीकडे येते. आई दर चातुर्मासात पोथी वाचायची आणि तिच्या माहेरची एक रीत होती. वाचन कधीही मरणावर थांबवायचं नाही. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, निदान कुणा तहानलेल्याला पाणी मिळालं, इथपर्यंत पोचायचं आणि मगच पोथी मिटायची. अर्ध्यावर उठावं लागलं तर दूध उतू जाऊ द्यायचं, पण अशुभावर पोथी मिटायची नाही, नाहीतर ते घरात राहतं. ही रीत मोंगलांनाही लागू आहे, हे आम्हाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. अकरा वाजले, अप्पांना भूक लागली, मी बुखारा जळत असताना पुस्तक मिटायला गेले आणि आतून आवाज आला, “शालू! तिथं मिटायचं नाही. पुढं काहीतरी चांगलं येऊ दे.” अप्पा म्हणाले, “अगं, ही काय पोथी आहे?” आई म्हणाली, “तुम्हा मास्तरांच्या जातीची पोथीच आहे ती. वाच गं पुढं.” मी वाचलं. दीड पानानंतर मोंगलांनी कारागीर तेवढे वेगळे काढून जिवंत ठेवले, असं आलं. “हं, आता मीट,” आई म्हणाली आणि ताटं घेतली.

सुरुवातीला कारागिरांवर निभावलं. विणकर वाचले, लोहार वाचले, एका गावात तर सगळे सोनार वाचले. पण खानाचे मुलगे खोरासानात शिरले आणि अशी पाळी आली की एका गावाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू. एकदा शुभ शोधत शोधत मी सव्वा वाजेपर्यंत वाचत होते, भाकऱ्या वातड झाल्या आणि अप्पा चिडून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी वाचायच्या आधी मी पुढची पानं चाळून पाहिली. चाळीस पानं नुसती कापाकापी. अकरा वाजत आले, आत कट्ट्यावर एण्णेगाईचं झाकण निघालं, खसखस-खोबऱ्याचा वास मधल्या खोलीत आला. भरल्या वांग्यापुढे माझं चारित्र्य टिकलं नाही. मी पानाकडे बघत शांतपणे म्हणाले, “आणि सरदारानं हुकूम दिला की या गावची विहीर तेवढी बुजवायची नाही. म्हाताऱ्यांना आणि पोरांना पाणी मिळू द्या.” “बरं झालं बाई,” आई म्हणाली. गंगक्का म्हणाल्या, “ओळ्ळे मनुष्या,” भला माणूस. आम्ही जेवलो.

त्या दुपारी अप्पांनी टिपणं सांगायला घेतली. वेढा किती दिवस चालला, तटावर काय काय फेकलं, सगळं ओळीनं आलं आणि मग ते म्हणाले, “लिही. विहीर बुजवू नये असा सरदाराचा हुकूम. अधोरेखित कर.” माझा हात थांबला. खोटं बोलणं सोपं होतं, तेच आपल्याच अक्षरात शाईनं लिहायचं मात्र जड होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सत्तरी उलटल्यावर हे सुचतं, सतराव्या वर्षी नुसतं वाटलं की एक विहीर राहिली तर कुणाचं काय जातंय. मी अधोरेखित केलं.

मग मला चटकच लागली. रोज पंधराएक पानं व्हायची आणि पुस्तकानं शुभ दिलं नाही की मी देत असे. एका सरदारानं आपल्या तळावरच पकडून आणलेल्या दोघांचं लग्न लावलं. एका म्हातारीनं खानाच्या मुलाला तोंडावर चार शब्द सुनावले आणि त्यानं तिची गल्ली सोडून दिली. एका शिंगराला त्याची आई परत मिळाली, त्या दिवशी गंगक्कांनी घरी जाऊन आमच्यासाठी वाटीभर गोड करून आणलं. माझ्या दयेला भलतीच कळा चढली होती. मी माणसं वाचवते आहे आणि आईची भाकरी वेळेवर होते आहे, दोन्ही पुण्यं एकदम.

दिवाळी झाल्यावर गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी अप्पांना व्याख्यानाला बोलावलं. निवृत्तीनंतर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि डोळे गेल्यावर तर रस्त्यात भेटलेली माणसंसुद्धा त्यांच्याशी न बोलता आईशीच बोलायची. ते दोन दिवस नुसते येरझाऱ्या घालत होते. भिंतीला हात लावून, पावलं मोजत, पण ताठ. सुभाष रोडवरच्या धोब्याकडे त्यांचा कोट गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं आणि म्हणाले, “विषय ठरला. मोंगलांची दया.” मी तोंडातला चहा तसाच धरून बसले. “कुणाच्या लक्षात आलेलं नाही, शालू. सगळे नुसती कत्तल मोजत बसले. मी टिपणं परत परत आठवली. दर पंधरा-सोळा पानांनी दया येते. विहीर, लग्न, म्हातारी. नेमानं येते! लिहिणाऱ्याला स्वतःला कळलं नाही त्यानं काय लिहून ठेवलंय. डोळे असते तर मलाही दिसलं नसतं. ऐकल्यामुळं कळलं.” त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला रडू यायला लागलं आणि आईला वाटलं आनंदानं येतंय.

व्याख्यानाची पत्रकं छापून वाटली गेली. अध्यक्ष होते इनामदार सर, कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्याकडे हेच तीन खंड होते, वाळवी न लागलेले. अप्पांना मास्तर म्हणताना ते त्या शब्दावर जरा जास्त वेळ थांबायचे. अप्पा म्हणत होते, “इनामदारांना म्हणावं, खंड घेऊनच या. पान सांगतो, काढून बघा.” आणि पानं मीच सांगितलेली होती, प्रत्येक विहिरीचं आणि प्रत्येक लग्नाचं. भर सभेत इनामदार सर पान काढणार, शांतपणे चष्मा पुसणार आणि म्हणणार की मास्तर, इथं तर असं काही नाही. माझे वडील उजेडाच्या बाजूला तोंड करून उभे असणार. हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पहिल्यांदा आईला सांगितलं, ती पीठ मळत असताना. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग त्या विहिरीच्या गावाचं खरं काय झालं?”

“मेले सगळे.”

“सगळे?”

“सगळे, आई.”

तिनं परातीतला हात काढला आणि बोटांचं पीठ पुसलं. नंतर म्हणाली, “माझ्या शास्त्रापायी झालं हे. मी सांगते त्यांना.” पण ते मला पटलं नाही. शास्त्र तिचं होतं, थापा माझ्या होत्या.

अप्पा खिडकीशी दाढी करत होते, आरशाशिवाय, बोटांनी चाचपत. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच. मला वाटलं ओरडतील. ते फार रागावले की मराठी सोडायचे. फक्त म्हणाले, “साकु,” पुरे. आणि भिंत धरून आतल्या खोलीत गेले. चार दिवस त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी गंगक्का त्यांची समजूत घालायला आल्या. “मास्तर, हुडगी सण्णाकी, पोर लहान आहे की हो. आणि दोन मंदी जास्त जगली तर त्या खानाचं काय गेलं? तो काय तुमचा पावणा?” अप्पांनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, “गंगक्का, ती माणसं मेली. त्यांना रडायला मागं कुणी ठेवलं नव्हतं. एवढ्या एका पुस्तकात लिहिलंय की ती होती आणि मेली. आपण तेही पुसलं तर त्यांचं राहिलं काय?” मी दाराआड उभी होते. गणितात नापास झाल्याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. “खंड घे. विहिरीचं पान काढ. आता आहे तसं वाच.” पाच दिवस आम्ही सकाळ-दुपार वाचत होतो. माझी प्रत्येक दया खोडायची आणि तिथं काय लिहिलंय ते घालायचं. आई भाकरी थापत होती, पण चौकटीतून पुढं वाच असं तिनं एकदाही म्हटलं नाही. अकरा वाजले की अप्पाच म्हणायचे, “मीट,” मग पान कुठलंही असो. पहिल्या दिवशी मी पुस्तक मिटल्यावर आईनं हात धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि ताटं घेतली. एवढं सगळं वाचून दाखवलं तरी अप्पांचा आवाज माझ्याशी बोलताना पूर्वीसारखा होईना. मधेच थांबवून विचारायचे, “हे आहे तिथं?” मी हो म्हणायची. मग ते तीच ओळ पुन्हा वाचायला लावायचे. त्यांना माझ्याशिवाय दुसरे डोळे नव्हते आणि त्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

व्याख्यान रविवारी सकाळी दहाला होतं. चाळीस-पन्नास माणसं, पुढच्या रांगेत वकील मंडळी, मागे अप्पांचे जुने विद्यार्थी. इनामदार सर व्यासपीठावर, मांडीवर खंड. अप्पांनी आदल्या दिवशी आईला बरोबर घेऊन त्यांच्याकडे जाऊन पुस्तक आणायची विनंती केली होती, हे मला तिथं कळलं. मी खाली आईशेजारी बसले होते. अप्पा उभे राहिले, कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाले, “पत्रकात छापलेला विषय चुकीचा आहे. मोंगलांची दया या पुस्तकात नाही. मी एकाच तोंडाचं ऐकलं, ताडून पाहिलं नाही, आणि मला आवडलं म्हणून खरं धरलं. पोरं परीक्षेत असं करत तेव्हा मी शून्य देत असे.” मागून कुणीतरी हसलं. तोंड कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही. अर्धा तास ते बोलले, खोरासानच्या चार शहरांबद्दल, एकही कागद न घेता. मग म्हणाले, “पुस्तकात काय आहे ते आता ऐका. मला दिसत नाही. माझी मुलगी वाचेल. इनामदार सरांना विनंती आहे की त्यांनी ओळीवर बोट ठेवून ताडून पाहावं.”

हे ठरलेलं नव्हतं. आमच्या पिशवीत आमचा खंड होता, तो मला वाटलं कुणी मागितला तर दाखवायला आणलाय. आईनं कोपरानं ढोसलं म्हणून मी उठले. वर गेले, पान काढलं. इनामदार सरांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. मी वाचायला लागले, आधी इंग्रजी वाक्य आणि मग मराठी. माणसांना शहराबाहेरच्या मैदानावर आणलं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पोरं वेगळी. एका जागी मला पुढचं वाक्य गाळून टाकावंसं वाटलं, नुसतं एक वाक्य. शेजारून अप्पा हळूच म्हणाले, “आहे तसं, शालू.” मी वाचलं. शेवटी मांजरं-कुत्रीसुद्धा राहिली नाहीत, तेही वाचलं.

बारा वाजता आम्ही घरी निघालो. आई पुढं झपाझप, तिला कुकर लावायचा होता. अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, पण हलकाच, कामापुरता. मग मी म्हणाले, “अप्पा, दुसऱ्या पानानंतर इनामदार सरांनी त्यांचं पुस्तक मिटलं. ताडून बघायचं सोडलं आणि नुसतं ऐकत बसले.”

अप्पा चालायचे थांबले. उन्हाकडे तोंड करून त्यांनी विचारलं, “खरं?”

“खरं.”

“हं,” ते म्हणाले. खांद्यावरच्या हातात सबंध भार आला आणि आम्ही चालायला लागलो. आईनं कुकर लावलाही असेल एव्हाना, असं काहीतरी ते पुढं म्हणाले. पुस्तक मिटल्याचं त्यांनी कुणाला विचारून ताडून पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.